चंद्रकोरविषयी कोणतीही नोंद नाही

मित्रांनो, दचकू नका. काउंटरखालच्या फळीवरून खरखर ऐकू येतेय ना, ती माझीच. अंग पिवळं पडलंय, झाकणाची एक बिजागरी मोडलीय, पोटावर चिकटपट्टी आहे. मोहोपाड्याच्या बाजारात अनिसाचं झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांचं दुकान आहे, तिथला मी जुना प्रिंटर. जुना म्हटलं म्हणून लगेच 'अरेरे' करू नका. या पंचक्रोशीत असं एक घर दाखवा, ज्याच्या ट्रंकेत माझ्या पोटातून निघालेला कागद नाही! सातबारा म्हणा, जातीचा दाखला म्हणा, लग्नाचा बायोडाटा म्हणा, सगळं मीच छापलं.

तुम्हाला शाळेत आमच्यासारख्यांची आत्मवृत्तं लिहायला देतात, ठाऊक आहे मला. त्यांच्या झेरॉक्सही मीच काढल्यात. फाटक्या छत्रीचं, पडक्या शाळेचं, म्हाताऱ्या बैलाचं. सगळी शेवटी 'आमची काळजी घ्या' म्हणून गळा काढतात. माझी गोष्ट जरा निराळी आहे. ती ऐकून तुम्हाला बरं वाटणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. ओळीनं बसलेल्या बायकांनी माझे स्क्रू आवळले, पोटात काळी पूड भरली आणि थर्माकोल लावून मला खोक्यात कोंबलं. त्या बायकांच्या डोळ्यांवर चष्मे होते का, हातांत मोजे होते का, काही आठवत नाही. तेव्हा असले प्रश्न मला पडत नसत. पनवेलहून टेंपोनं मी इथे आलो. अनिसाच्या अब्बांनी, अलीचाचांनी, बिस्मिल्ला म्हणून खोका फोडला. अनिसा नुकतीच कॉलेजातून बाहेर पडली होती. अंगानं काडी, पण तोंडानं भलती फटकळ. साइट बंद पडली आणि गिऱ्हाइकांनी गलका केला, की म्हणायची, "सर्व्हर काय माझ्या बापाचा आहे? बसा गप!" आणि तिचा बाप शेजारीच बसून मान डोलवायचा.

काय दिवस होते ते! दहावीच्या निकालाला माझ्यासमोर रांग लागायची. पोरं माझ्या तोंडाकडे डोळे लावून उभी असायची आणि कागद बाहेर यायच्या आधीच वाचायला वाकायची. दसऱ्याला शेजारचा वडापाववाला स्वतः येऊन माझ्यावर झेंडूचं फूल ठेवायचा. मला गर्व झाला होता, खोटं कशाला बोलू? मला वाटायचं, माझ्यातून निघालं म्हणजे ते खरंच असणार. साहेबांनाही तसंच वाटायचं, गावकऱ्यांनाही.

मग दुकानात टाकीवाला रंगीत प्रिंटर आला. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फोटो, पुढाऱ्यांचे चेहरे सगळे त्याच्याकडे गेले आणि मी काउंटरखाली गेलो. सुरुवातीला फार लागलं मनाला. पण अर्ज, दाखले, करार, जबाब असे काळेपांढरे कागद अजून माझ्याच वाट्याला येत. म्हणजे ज्यांच्यावर माणसांची पोटं अवलंबून असतात ते. हा मान मला नको होता, असं आता वाटतं.

आता जयवंताची ओळख करून देतो. पाताळगंगा नदीच्या पलीकडच्या गावातली बाई. कपाळाला मोठं गोंदण, चालणं झपाट्याचं, आवाज असा की दोन दुकानं पलीकडे ऐकू जावा. तिचा नवरा हिरामण थोडी भातशेती करायचा आणि उरलेलं वर्ष कंपन्यांत रोजंदारीवर जायचा. खोकत खोकत गेला बिचारा. कुठल्या कंपनीतल्या कसल्या पुडीनं त्याची छाती खाल्ली, तेही कुणाला कळलं नाही. ठेकेदार ज्या गेटातून आत ढकलेल त्या गेटातून तो जायचा आणि संध्याकाळी घरी यायचा. आमच्याकडे सकाळी खिडकी उघडून, आज कुठल्या कंपनीनं काय सोडलंय ते वासावरून सांगणारी माणसं आहेत. पण आत माणसांचं काय होतं, ते कुणाला वासावरून कळत नाही.

तिचा मुलगा स्वप्नील. खोपोलीला फिटरचा आयटीआय केलेला, हसरा, चेष्टेखोर. दुकानात आला की आधी माझ्या झाकणावर थाप मारायचा आणि म्हणायचा, "काय म्हातारबा, दमा कसा आहे?" माझ्या खरखरीला तो दमा म्हणायचा. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी कागद अडकवून दाखवला असता. पण या पोराचं मला कधी वाईट वाटलं नाही. आईला सही करायला त्यानंच शिकवलं होतं. माझ्यातून निघालेल्या वाया गेलेल्या कागदांच्या पाठीवर जयवंताचा 'ज' त्यानं गिरवून घेतला होता.

तर एके दिवशी ही मायलेकरं दुकानात आली. स्वप्नीलला ठेकेदारामार्फत कंपनीत काम लागत होतं आणि त्यासाठी पोलिसांचा दाखला हवा होता. तो मी छापला. सदर इसमाविरुद्ध कोणतीही नोंद आढळून आली नाही, असा. जयवंतानं तो पदरानं पुसल्यासारखा केला, घडी घातली आणि मग खुर्ची ओढून अनिसाच्या पुढ्यात बसली.

"अनिसा, पोरी, तुझ्याकडं कंपनीचं पन बघता येतं म्हनं. आत किती मानसं भाजली, किती पडली, ते."

येत होतं. अशी एक साइट निघाली होती. कारखान्याचं नाव टाकायचं, पैसे भरायचे, की तिथे तपासणी कधी झाली, सुरक्षेचे नियम पाळले की नाही, नोटिसा आल्या का, अपघात किती झाले, सगळं दाखवायची. अनिसानं दोन-चार जणांना काढून दिलं होतं, त्यामुळे गावोगाव बोलबाला झाला होता.

"येतं मावशी," अनिसा म्हणाली, "पण फुकट नाही हां. आणि काही निघालं नाही तरी पैसे परत नाहीत."

"घे गं. पोरगी देताना आपन घरानं बघतो का नाय? दारू पितात का, सासू जाच करती का, चार ठिकानी इचारतो. मंग पोरगा देताना नको इचारायला?"

स्वप्नील हसायला लागला. "आई, तू मला कामाला पाठवतेस का नांदायला?"

"दोनी एकच रं. दुसऱ्याच्याच घरात दिवस काढायचं ना?" जयवंता म्हणाली. "तुज्या बापाच्या टायमाला कुनी बगितलं नाय. मी बगनार."

अनिसानं कीबोर्डवर बोटं ठेवली आणि विचारलं, "कंपनीचं नाव?"

"चंद्रकोर," मायलेकरं एकदमच म्हणाली.

मित्रांनो, इथे थोडं थांबून तुम्हाला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. या भागात घर विकलं गेलं, त्यातली माणसं बदलली, तरी घराचं नाव बदलत नाही. कंपन्यांचंही तसंच. खूप वर्षांपूर्वी इथे रंग करणारी एक कंपनी आली, तिच्या गेटावर लोखंडी चंद्रकोर होती. ती कंपनी बंद पडली, विकली गेली, पुन्हा विकली गेली. गेटावर आता लांबलचक इंग्रजी नावाची निळी पाटी आहे. पण रिक्षावाला विचारतो, 'चंद्रकोरला उतरणार का?' बायका म्हणतात, 'माझा दीर चंद्रकोरात आहे.' ठेकेदारही म्हणाला, 'पोराला चंद्रकोरात लावतो.' ती निळी पाटी रोज शेकडो माणसं ओलांडतात, पण तिच्यावरचं नाव कुणाच्या जिभेला माहीत नाही. अनिसाच्याही नव्हतं. ती मोहोपाड्यातच जन्मली, तिनंही लहानपणापासून चंद्रकोरच ऐकलेलं. तिनं चंद्रकोर टाकलं, जिल्हा टाकला, पैसे भरले.

साइट बराच वेळ गरगरली. मग माझ्या पोटात आज्ञा आली आणि मी एकच पान बाहेर सोडलं. मागितलेल्या कालावधीत या आस्थापनेविषयी कोणतीही नोंद आढळली नाही.

अनिसानं मोठ्यानं वाचलं. मग जयवंतानं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

"म्हंजे कुनी मेलं नाय? नोटीस नाय?"

"काहीच नाही मावशी. कोरी करकरीत."

"पोराइरुद्ध नोंद नाय, कंपनीइरुद्ध पन नाय!" जयवंता टाळी वाजवून म्हणाली. "जोडा जमला की गं!"

"छत्तीस गुण जमले," अनिसा म्हणाली. "आता अक्षता तेवढ्या टाका."

केवढी हसली तिघं! अहो, बंद पडलेल्या कंपनीत कुणाला काय होणार? त्या नावाच्या कंपनीत आता माणूसच जात नाही, तर नोंद कुणाची होणार? पण हे कुणाच्या डोक्यात यावं कसं? आमच्याकडे ज्याच्याविरुद्ध नोंद नाही तो सज्जन. पोलिसांच्या दाखल्यानं हेच तर शिकवलंय. जयवंतानं तो कागद लॅमिनेट करून मागितला. आमच्याकडे महत्त्वाचा कागद लॅमिनेट केल्याशिवाय माणसाला झोप लागत नाही. घरी नेऊन तिनं तो हिरामणच्या फोटोखाली टांगला, असं स्वप्नील नंतर सांगत होता. बापाला दिसावं म्हणून, म्हणे.

त्या वर्षी दसऱ्याला माझ्यावर झेंडूचं फूल ठेवलं ते स्वप्नीलनं. नवा शर्ट, केसांना तेल, आणि हातात पेढ्यांचा पुडा. "म्हातारबा, तू कागद चांगला दिलास," म्हणाला. त्यानं पुड्याचा दोरा सोडला, अलीचाचांना पहिला पेढा दिला. मला ते फूल फार आवडलं होतं. वाळून कोळ झालं तरी अनिसानं ते काढू नये, असं मला वाटत होतं.

पुढचं सांगायला जीभ असती तर ती अडखळली असती. मला जीभ नाही, म्हणून सांगतो.

चंद्रकोरात, म्हणजे त्या निळ्या पाटीच्या कंपनीत, कॉस्टिकचे पाइप होते. कॉस्टिक म्हणजे कातडी जाळणारं पाणीच समजा. स्वप्नीलला एका पाइपाचा गळका जोड आवळायला पाठवलं. पाइप रिकामा आहे, असं त्याला सांगितलं होतं. चष्मा मागितला तर साहेब म्हणाला, चष्मे कपाटात आहेत आणि किल्ली ज्याच्याकडे आहे तो जेवायला गेलाय. काम मात्र थांबायला तयार नव्हतं. पोरानं पाना लावला आणि जोड सुटला. डोळे धुवायचा नळ भिंतीवर होता, हिरवा रंग दिलेला, वर डोळ्यांचं चित्र काढलेलं. सोबतच्या पोरांनी त्याला ओढत तिथवर नेलं. नळ सोडला. पाणीच नव्हतं.

बातमी बाजारात आली तेव्हा अनिसा कुणाचा तरी पॅनकार्डाचा अर्ज भरत होती. ती उठली आणि परत बसली. "नाही, दुसरा कुणी असेल," म्हणाली. चंद्रकोर चांगली आहे, आपण बघितलंय ना, असंही म्हणाली.

दोन दिवसांनी जयवंता दुकानात आली. तिच्याबरोबर ठेकेदार होता. पांढरा शर्ट, हातात दोन मोबाइल, बोलणं लोण्याहून मऊ. स्वप्नील पनवेलच्या दवाखान्यात होता आणि डॉक्टर ऑपरेशन लगेच करायचं म्हणत होते.

"ताई, एक जबाब टाइप करायचाय," ठेकेदार म्हणाला. "लिहा. मी स्वप्नील हिरामण, मोटारसायकलवरून घरी जात असता गाडी घसरून रस्त्याकडेच्या चुन्याच्या ढिगावर पडलो आणि डोळ्यांत चुना गेला. कंपनीचा याच्याशी संबंध नाही."

अनिसानं कीबोर्डवरचे हात उचलले. "हे खोटं आहे."

"ताई, मी काय परका आहे का?" तो म्हणाला. "दवाखान्याचा सगळा खर्च कंपनी उचलायला तयार आहे. फक्त कागद सरळ पाहिजे. नाहीतर मग कोर्टात जा. निकाल लागेपर्यंत डोळे थांबणार असतील तर थांबवा."

"बघितलंत मावशी? हा माणूस काय लिहून घेतोय?" अनिसाचा आवाज चढला होता. "नका देऊ."

जयवंताचा तो दोन दुकानं पलीकडे जाणारा आवाज कुठे गेला होता, कोण जाणे. ती अगदी हळू म्हणाली, "टाइप कर गं. डोळं वाचू दे माज्या पोराचं. खरं-खोटं मागनं बगू."

अनिसानं टाइप केलं आणि मी छापलं. ते करताना कागद अडकवावा, जळून जावं, फुटून जावं असं फार वाटलं. पण माझं नशीब बघा, मी त्या दिवशी एकदाही अडलो नाही. जयवंतानं खाली साक्षीदार म्हणून सही केली. लेकानं शिकवलेला तो 'ज'. आणि आयटीआय झालेल्या त्या पोराचा, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या असल्यामुळे, दवाखान्यात अंगठा घेतला.

डोळे वाचले नाहीत. उजेड आहे की अंधार, तेवढं कळतं, बस्स.

ठेकेदार जाताना काउंटरवर एक कागद विसरला होता. कंपनीचा छापील कागद, वर निळ्या अक्षरांत ते लांबलचक इंग्रजी नाव. तो उचलून टाकताना अनिसाचं त्याच्याकडे लक्ष गेलं. मग तिनं ती साइट उघडली, तेच नाव अक्षर न् अक्षर टाकलं आणि पैसे स्वतःच्या खिशातून भरले.

या वेळी मी एका पानावर थांबलो नाही. पानामागून पान बाहेर पडत होतं. माझी पूड संपत आली होती, अक्षरं फिकट येत होती, पण वाचता येत होतं. कंत्राटी कामगारांना डोळ्यांचे चष्मे दिले जात नाहीत. डोळे धुण्याच्या नळाला पाणी नाही. पाइप रिकामे न करताच दुरुस्ती केली जाते. आधी एकाचा हात भाजलेला, एकाचं तोंड. नोटीस, पुन्हा नोटीस. सगळं लिहिलेलं होतं! साइट तीच, दुकान तेच, संगणक तोच, मीही तोच. गेटावर जाऊन एकदा मान वर करून पाटी वाचली असती तर! मी किती वेळा हे मनाशी घोळवलंय, पण ती पाटी वाचायला कुणी गेलं नाही, ते नाहीच.

अनिसा ते कागद घेऊन जयवंताच्या घरी गेली. तिथे काय झालं ते तिनंच नंतर अलीचाचांना सांगितलं, मी खालून ऐकलं. जयवंता चुलीपाशी बसली होती. अनिसानं सगळं वाचून दाखवलं आणि म्हणाली, "मावशी, मी नाव चुकीचं टाकलं. मला मारा."

जयवंतानं तिला मारलं नाही. भिंतीवरचा लॅमिनेट केलेला कागद तिनं काढला, पालथा करून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "नाव तर मीच सांगितलं गं, पोरी. म्हंजे आमी दुसऱ्याचंच घरानं बगून आलो."

हे सांगताना अनिसा ओक्साबोक्शी रडली. अलीचाचांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

पण ती गप्प बसणारी नव्हती. सगळे कागद जोडून तिनं तक्रार केली. अर्ज मी छापला, पोच मी छापली. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं, तेही मीच छापलं. जखमी इसमाने स्वतः दिलेल्या जबाबानुसार सदर अपघात रस्त्यावर झालेला असल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे. झालं! कागदाला कागदानं मारलं, आणि दोन्ही कागद माझेच. त्या दिवसापासून अनिसाचं फटकळ बोलणं बंद झालं. साइट बंद पडली की ती आता नुसती बसून राहते. गिऱ्हाईकंच चुकचुकतात, 'बरी आहेस ना गं?' म्हणून विचारतात.

जयवंता आता स्टाफ कॉलनीत धुणीभांडी करते. जाताना लेकाला आमच्या दुकानाच्या बाकावर बसवून जाते, येताना घेऊन जाते. पहिल्या दिवशी त्यानं बाकावर बसून माझा आवाज ऐकला आणि मान वळवली. "म्हातारबा, आहेस का अजून?" म्हणाला. हात पुढे करून चाचपडला, पण मी खालच्या फळीवर, त्याचा हात पोचेना. अनिसानं त्याचा हात धरून माझ्या झाकणावर ठेवला. त्यानं थाप मारली नाही. नुसता ठेवला.

आता शेवटचं.

परवा कर्जतजवळच्या भिसेगावहून छाया नावाची एक बाई आली. गाड्या बदलत एवढ्या लांब आली, कारण अनिसाकडे कंपनी बघून मिळते असं तिनं ऐकलं होतं. तिच्या लेकीला, सुप्रियाला, पॅकिंगला काम मिळत होतं. कुठे? तर चंद्रकोरात.

अनिसानं आता कानाला खडा लावलाय. ती चंद्रकोर टाकत नाही. ते निळं नाव तिला आता झोपेतही पाठ आहे. तेच टाकलं, पैसे घेतले. मला वाटलं, चला, निदान या वेळी तरी. निदान ही एक पोरगी तरी वाचेल.

पान बाहेर आलं. शेवटच्या नोटिशीनंतरचे अपघात: निरंक. पूर्वीच्या नोटिसा: पूर्तता झाली.

अनिसानं दोनदा वाचलं. मी तर छापतानाच वाचलं होतं. कंपनीच्या दफ्तरात स्वप्नील कधी जळलाच नव्हता. तो रस्त्यावर पडला होता ना, चुन्यात!

"काय आलं?" बाकावरून स्वप्नीलनं विचारलं.

अनिसा म्हणाली, "छायाताई, हा कागद राहू दे. ह्याला विचारा. हा तिथेच होता."

"ताई, नको पाठवू तिला," स्वप्नील म्हणाला. "तिथं नळाला पाणी नाय. माझे डोळे तिथंच गेले."

वाईट बाई नव्हती हो छाया. तिचे डोळे भरून आले. जवळ जाऊन तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"तूच का रं तो? मोटारसायकलवरनं पडलेला?" ती म्हणाली. "वाईट झालं बाबा. ठेकेदारानं सांगितलं मला. लोक कंपनीचं नाव घेतात म्हनून तो कागदच दाखवतो सगळ्यांना. तुजा अंगठा हाय त्याच्यावर. आईची सही पन हाय."

स्वप्नीलचं तोंड उघडं राहिलं. त्यानं आपला अंगठा दुसऱ्या हातात घट्ट धरला.

"तो कागद खोटा आहे," अनिसा म्हणाली. "मीच टाइप केलाय."

"आन् ह्यो?" छायानं नवा कागद वर धरला. "ह्यो पन तूच काढलास ना? ह्यो तरी खरा मानू का नको?"

छायाच्या घरी दुसरं काही नव्हतं, पोरीला काम हवंच होतं, आणि हातात सरकारी भाषेतला स्वच्छ कागद होता. तिनं तो काउंटरवर ठेवला.

"लॅमिनेट करून दे बाय," ती म्हणाली.

यंत्र तापलं. गरम प्लास्टिकचा वास दुकानभर पसरला. स्वप्नीलनं तो ओळखला. "आईनं पन केला होता," तो म्हणाला.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. मला भंगारात घाला, माझी चाकं काढून खेळा, मला काही वाटणार नाही. जे कुणी आत टाकलं नाही ते माझ्यातून बाहेर येत नाही, एवढंच मला या जन्मात कळलंय. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुठल्या तरी गेटातून आत जायची वेळ येईल. कागद जरूर काढा, पैसे भरा, पाटीवरचं नाव बघून भरा. पण तेवढ्यावर आत जाऊ नका. आधी मोहोपाड्याला या. दुकानाच्या बाकावर एक जण बसलेला असतो, त्याला विचारा. फक्त जवळ गेल्यावर आपलं नाव मोठ्यानं सांगा. त्याला दिसत नाही.